नदीच्या दोन काठांसाठी बारा दिवस

वाचकाचे पत्र, थोडक्यात

उत्तर महाराष्ट्रातील एका शहरातून एका भगिनींचे पत्र आले आहे. माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे इतिहास शिकवून त्या गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. यजमान त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे असून त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. दोघेही शाकाहारी आहेत. येत्या दिवाळीच्या सुट्टीत बारा-तेरा दिवस काढून थायलंड आणि लाओस हे शेजारी देश पाहावेत, असे त्यांच्या मनात आहे. नणंदेने मात्र तेवढ्याच दिवसांत चार देश दाखवणाऱ्या एका पॅकेजची माहिती आणून दिली आहे. तिकिटे काढून देणारी मुलगी म्हणते, लाओसमध्ये थायलंडपेक्षा वेगळे काहीच नाही, त्यापेक्षा ते दिवस समुद्रकिनाऱ्यावर घालवा. त्या लिहितात: "थायलंड पर्यटकांनी बिघडवून टाकला आणि खरी संस्कृती आता लाओसमध्येच उरली आहे, असे मी वाचले आहे. आपली संस्कृती तिकडे जाऊन कशी रुजली, हे मला डोळ्यांनी पाहायचे आहे. चार देश करावेत, दोन करावेत, की एकच नीट पाहावा? एवढा खर्च करून नुसती देवळे पाहून आलो, असे व्हायला नको."

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला प्रश्न देशांच्या संख्येचा आहे. पण ज्या भूभागाकडे तुम्ही निघाला आहात, तिथे देश हे मापच अपुरे पडते. म्हणून आधी त्याविषयी लिहिते आणि मग दिवस, वाट, जेवण यांकडे वळते.

थायलंडच्या ईशान्य भागाला इसान म्हणतात. हा शब्द आपल्या 'ईशान्य' या शब्दाचाच सख्खा भाऊ आहे. या इसानच्या उत्तरेला आणि पूर्वेला मेकाँग नदी वाहते, आणि नदीच्या पलीकडे लाओस आहे. लाओसची लोकसंख्या पाऊण कोटीच्या आसपास आहे, तर एकट्या इसानची दोन कोटींहून अधिक, आणि इसानमधले बहुसंख्य लोक घरात जी बोली बोलतात ती लाओच आहे. म्हणजे लाओ बोलणारी माणसे लाओसपेक्षा थायलंडमध्येच जास्त आहेत. दोन्ही काठांवर वेताच्या टोपलीतला चिकट भात हाताने गोळे करून खातात, दोन्हीकडे बांबूच्या नळ्यांचे 'खेन' हे वाद्य वाजते आणि दोन्हीकडे पाहुण्याच्या मनगटाला पांढरा दोरा बांधून आशीर्वाद देतात. मेकाँग ही इथली सरहद्द ठरली ती 1893 मध्ये, फ्रेंचांनी सयामकडून, म्हणजे तेव्हाच्या थायलंडकडून, डाव्या काठाचा प्रदेश घेतला तेव्हा. त्याआधी ही नदी गावांना जोडणारा रस्ता होती.

म्हणून तुमच्या मुलीचे म्हणणे अर्धे खरे आहे. एका काठावरून दुसऱ्या काठावर गेल्यावर पहिल्या दिवशी खरोखरच फारसे वेगळे काही दिसत नाही. पण इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या व्यक्तीला याहून चांगली संधी कुठे मिळणार? एकाच बोलीची, एकाच ताटातली माणसे, आणि त्यांच्या वाट्याला आलेली दोन वेगळी शतके. एका काठाने सयामची राजवट पाहिली आणि तिथे आजही राजा आहे. दुसऱ्या काठाने फ्रेंच वसाहत पाहिली, अमेरिकी बॉम्बफेक सोसली आणि 1975 मध्ये राजेशाही संपवली. या फरकाच्या खुणा शोधत फिरलात, तर ही सहल 'नुसती देवळे' राहणार नाही.

दोन खुणा सांगते. लाओसच्या राजधानीत, व्हिएंतियानमध्ये, नदीकाठच्या बागेत राजा आनुवोंगचा भव्य पुतळा आहे, नदीकडे तोंड करून उभा. 1827 मध्ये याने बँकॉकच्या सत्तेविरुद्ध उठाव केला. पुढच्या वर्षी सयामी सैन्याने व्हिएंतियान बेचिराख केले आणि हजारो लाओ कुटुंबांना नदीपलीकडे हलवले. लाओसमध्ये तो स्वातंत्र्यासाठी लढलेला वीर आहे. इसानच्या तोंडाशी असलेल्या नाखोन राचासिमा शहरात मात्र एका स्त्रीचे स्मारक आहे, थाओ सुरानारीचे. याच आनुवोंगच्या सैन्याला तिने रोखले म्हणून लोक तिला रोज फुले वाहतात आणि नवस बोलतात. एकाच युद्धातले दोन पुतळे, आणि दोन्हींसमोर श्रद्धेने हात जोडले जातात.

दुसरी खूण सिमेंटची आहे. व्हिएंतियानजवळ नदीकाठी बुन्लुआ सुलीलात नावाच्या साधूने 1958 पासून बुद्ध, विष्णू, शिव, नाग यांच्या अवाढव्य मूर्तींचे एक उद्यान उभारले. 1975 मध्ये लाओसमध्ये सत्ता पालटली, तेव्हा तो नदी ओलांडून थायलंडमधल्या नोंग खाईला आला आणि तिथे त्याने तसेच दुसरे उद्यान बांधायला घेतले. नोंग खाईच्या साला केओ कू या उद्यानात सात फण्यांच्या नागाखाली बसलेला बुद्ध आहे आणि त्याची उंची सात-आठ मजली इमारतीएवढी भरेल. दोन्ही उद्याने पाहिलीत तर एका माणसाच्या आयुष्यातून सरहद्द कशी आरपार गेली, ते समोर दिसते.

आता 'खरी संस्कृती लाओसमध्येच उरली आहे' या वाक्याबद्दल. ते तुम्ही कुठे वाचले मला ठाऊक नाही, पण तेच गृहीत धरून निघालात तर दोन्हीकडे निराश व्हाल, अशी मला भीती वाटते. लाओसमधले लुआंग प्रबांग हे शहर 1995 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. ते अत्यंत सुंदर आहे, पण जुन्या पेठेतल्या घरांची आता बहुतांशी अतिथिगृहे झाली आहेत, आणि पहाटे भिक्षू भिक्षेला निघतात त्या मुख्य रस्त्यावर पर्यटक कॅमेरे सरसावून उभे असतात. डिसेंबर 2021 पासून चीनच्या सीमेवरून व्हिएंतियानपर्यंत आगगाडी धावते. लाओस हा काळाच्या पेटीत जपून ठेवलेला देश नाही, आणि तसे असावे अशी अपेक्षा आपण तिथल्या माणसांकडून करूही नये.

याउलट 'बिघडलेल्या' थायलंडमधली एक पहाट सांगते. नोंग खाईमध्ये मी ज्या घरगुती अतिथिगृहात उतरले होते, त्याच्या समोर एक म्हातारी बाई राहत असे. पहाटे उजाडता उजाडता ती फाटकाशी चटई अंथरी, चपला काढून ठेवी आणि मांडीवर भाताची टोपली घेऊन बसे. पाच भिक्षू अनवाणी येत. ती प्रत्येकाच्या पात्रात भाताचा एकेक लहान गोळा ठेवी. मग ते ओळीने उभे राहून पालीत आशीर्वाद म्हणत, आणि तेवढ्या वेळात ती एका छोट्या बाटलीतले पाणी थेंब थेंब वाटीत सोडत राही. ते निघून गेल्यावर ती वाटी आंब्याच्या बुंध्याशी रिकामी करी, हात जोडी आणि चटई गुंडाळून आत जाई. आपल्याकडे दानावर उदक सोडतात ना, अगदी तसेच ते पाणी होते. तिच्यासाठी ते पुण्य तिच्या मेलेल्या माणसांपर्यंत पोहोचत होते. रस्त्यावर तेव्हा मी सोडून एकही पर्यटक नव्हता. संस्कृती कुठे 'उरली' आहे याचा नकाशा देशांच्या नावांनी काढता येत नाही, हे मला त्या फाटकापाशी पटले.

तुमचे दुसरे गृहीतक अधिक नाजूक आहे, आणि ते आपल्या सगळ्यांचेच असते: आपली संस्कृती तिकडे गेली. शब्द गेले आहेत, यात शंका नाही. थायमध्ये भाषेला 'फासा', आकाशाला 'आकात', आहाराला 'आहान' म्हणतात. विहारात बसलात तर 'फुत्थंग सरनंग खच्छामि' ऐकू येईल, आणि दोन क्षणांनी लक्षात येईल की हे 'बुद्धं सरणं गच्छामि' आहे. तो आनंद जरूर घ्यावा. पण रामकथेपाशी आलात की थोडे थांबा. थायलंडच्या रामकियेनमधला हनुमान ब्रह्मचारी नाही. तो शूर आहे, चतुर आहे आणि चांगलाच प्रेमी आहे. सेतू बांधताना रावणाच्या मुलीवर, एका मत्स्यकन्येवर, त्याचे मन जडते. लाओसमधल्या रामकथेचे नाव 'फ्रा लाक फ्रा लाम' असे आहे. त्यात लक्ष्मण आधी येतो, राम नंतर, आणि कथा मेकाँगच्या काठावर घडते. तिथल्या लोकांसाठी राम हा बुद्धाचा पूर्वजन्म आहे.

हे पाहून 'आपले नेले आणि बदलून टाकले' असे मनात येऊ शकते. अशा वेळी आपल्याच जात्यावरच्या ओव्या आठवाव्यात. त्यांतली सीता वाल्मीकींच्या सीतेपेक्षा वेगळे बोलते, सासुरवासाचे बोलते, आणि तिला आपण कमअस्सल मानत नाही. मेकाँगकाठच्या माणसांनीही कथा घेतली ती आपल्या नदीला, आपल्या धर्माला शोभेल अशी पुन्हा रचली. 'आमचे काय गेले' हा प्रश्न बाजूला ठेवून 'यांनी त्याचे काय केले' असे विचारत फिरलात, तर गाईडची उत्तरेही अधिक मोकळी मिळतील. तिथल्या माणसांना आपली संस्कृती उसनी आहे असे ऐकायला आवडत नाही, आणि का आवडावे? त्याच न्यायाने लाओसला थायलंडचा धाकटा भाऊ म्हणणेही टाळावे. पलीकडच्या काठावर ते फार लागते.

नणंदेच्या चार देशांच्या पॅकेजचा हिशोब आता सोपा आहे. प्रत्येक सरहद्द ओलांडताना निदान अर्धा दिवस, बहुधा पूर्ण दिवस जातो: सामान बांधणे, विमानतळ, रांग, नवे चलन, नवी खोली. बारा दिवसांत चार देश म्हणजे तीन सरहद्दी आणि येण्याजाण्याचे दोन दिवस. हाती सहा-सात दिवस उरतात, तेही बसच्या खिडकीतून पाहिलेले. ज्यांना चार देशांची तोंडओळखच हवी आहे त्यांच्यासाठी तो सौदा वाईट नाही, आणि नणंद आनंदाने जाऊन आल्या असतील तर त्यांना नावे ठेवू नयेत. तुम्हाला मात्र रुजणे पाहायचे आहे, आणि त्यासाठी एका जागी दोन-तीन पहाटा तरी मिळायला हव्यात. दोन देश करा, सरहद्द एकदाच जमिनीवरून ओलांडा, आणि समुद्रकिनारा या वेळी सोडून द्या.

आता दिवाळीबद्दल. पत्र वाचताना मला प्रश्न पडला की तुम्ही निवृत्त आहात, यजमानही घरी आहेत, मुलगी सोबत येणार नाही. मग दिवाळीची सुट्टीच कशासाठी? एकतीस वर्षे शाळेच्या सुट्ट्यांवर सगळे बेत आखले, त्याची ही सवय असावी. तरीही तुमचा काळ नकळत फार चांगला निवडला गेला आहे. तिथल्या भिक्षूंचा वर्षावास आषाढ पौर्णिमेनंतर सुरू होतो आणि आपल्या कोजागिरीच्या सुमारास संपतो. त्या पौर्णिमेच्या आसपास लुआंग प्रबांगमध्ये कागदी दिव्यांच्या नौका नदीत सोडतात, आणि नोंग खाईच्या काठावर नदीतून वर उठणारे 'नागाचे अग्निगोळे' पाहायला प्रचंड गर्दी लोटते. नंतरची पौर्णिमा म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा. थायलंडमध्ये तेव्हा लॉय क्राथोंग असतो, केळीच्या खोडाच्या चकतीवर फुले आणि पणती ठेवून नदीत सोडतात, आणि व्हिएंतियानच्या थात लुआंग या सोनेरी स्तूपाभोवती मोठा उत्सव भरतो. या दोन पौर्णिमांमधला महिना कठिन चीवरदानाचा असतो. गावेच्या गावे वाजतगाजत विहारात जाऊन भिक्षूंना नवी वस्त्रे देतात. आपल्याकडच्या बौद्ध वाचकांना हे दान चांगले परिचयाचे आहे.

म्हणजे दिवाळी नेमकी दोन मोठ्या पौर्णिमांच्या मधोमध येते. पाऊस ओसरलेला, नदी भरलेली, डोंगर हिरवे. भाऊबीज घरी साजरी करून एक-दोन दिवसांनी निघालात, तर बारा दिवसांची सहल थेट त्रिपुरी पौर्णिमेला जाऊन भिडते. गर्दी सोसत असेल तर असेच करा. सोसत नसेल तर सप्ताहभर आधी निघा आणि पौर्णिमेपूर्वी परता. कठिन चीवरदान तरीही दिसेल, आणि खोल्यांचे भाव बरेच खाली असतील. मार्च-एप्रिल मात्र टाळा, कारण शेते आणि जंगले जाळण्याच्या धुराने उत्तर थायलंड आणि लाओसची हवा त्या दिवसांत फार वाईट होते. सणांच्या तारखा चंद्रावर चालतात, अधिक मासाच्या वर्षी आपले आणि त्यांचे गणित पुढेमागे होऊ शकते, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या वर्षाची तारीख पाहून घ्या.

वाट कोणती धरावी, याचे माझे उत्तर एका मूर्तीच्या प्रवासात आहे. बँकॉकच्या राजवाड्यातल्या वात फ्रा केओ या मंदिरात पाचूबुद्ध नावाने ओळखली जाणारी हिरव्या दगडाची मूर्ती आहे, उंची जेमतेम 66 सेंटिमीटर. ती थायलंडचे रक्षण करते अशी श्रद्धा आहे, आणि वर्षातून तीनदा, ऋतू बदलला की राजा स्वतः तिची वस्त्रे बदलतो. ही मूर्ती 1434 मध्ये उत्तरेकडच्या चियांग राईमध्ये प्रकट झाल्याचे सांगतात. तिथून ती लांपांगला, मग चियांग माईला आली. सोळाव्या शतकाच्या मध्यात चियांग माईच्या गादीवर लाओ राजपुत्र सेत्थाथिरात बसला होता. वडील वारल्यावर तो लुआंग प्रबांगला परतला आणि मूर्तीही तिथे आली. ब्रह्मदेशाच्या सैन्याच्या धास्तीने 1560 मध्ये त्याने राजधानी व्हिएंतियानला हलवली आणि मूर्तीसाठी तिथे खास मंदिर बांधले, हाव फ्रा केओ. दोन शतकांहून अधिक काळ ती तिथे राहिली. 1779 मध्ये सयामी सैन्य ती घेऊन गेले, आणि 1784 पासून ती बँकॉकमध्ये आहे.

हाव फ्रा केओ आज रिकामे आहे. मूळ इमारत युद्धात गेली, आताची फ्रेंच काळात पुन्हा बांधलेली, आणि आत संग्रहालय आहे. बहुतेक प्रवासी बँकॉकमध्ये मूर्ती आधी पाहतात आणि नंतर, जमल्यास, व्हिएंतियानला जातात. तुम्ही उलट करा. आधी रिकामे मंदिर पाहा आणि शेवटच्या दिवशी मूर्ती. गंमत अशी, की लुआंग प्रबांगची 83 सेंटिमीटरची फ्रा बांग मूर्ती, जिच्यावरून त्या शहराला नाव मिळाले, तीही सयामी सैन्याने दोनदा नेली आणि ती दोन्ही वेळा परत आली. एक आली, एक आली नाही. या एका धाग्याने तीन शहरे बांधली जातात.

दिवसांची वाटणी मी अशी करेन. मुंबईहून बँकॉकला पोहोचून एक रात्र विश्रांती, आणि दुसऱ्या दिवशी विमानाने लुआंग प्रबांग. तिथे चार रात्री. हे कमी वाटू देऊ नका. 1559-60 मध्ये बांधलेले वात शिएंग थोंग आणि त्याच्या मागच्या भिंतीवरचे काचतुकड्यांचे जीवनवृक्षाचे चित्र सकाळच्या उन्हात एकदा आणि संध्याकाळी एकदा पाहण्यासारखे आहे. राजवाड्याच्या संग्रहालयाला एक दुपार द्या, विणकरांकडे एक पूर्ण सकाळ. तिथून आगगाडीने सुमारे दोन तासांत व्हिएंतियान, तीन रात्री. थात लुआंग, हाव फ्रा केओ, आणि त्याच्या समोरचे वात सी साकेत, जे 1828 च्या विध्वंसातून वाचले आणि ज्याच्या ओवऱ्यांच्या भिंतींत हजारो लहान बुद्ध कोनाड्यांत बसले आहेत. व्हिएंतियानमध्येच कोप नावाचे छोटे केंद्र आहे. 1964 ते 1973 या काळात लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब पडले आणि न फुटलेले अजूनही शेतांत सापडतात. त्यांनी जखमी झालेल्यांना इथे कृत्रिम पाय बसवून देतात. एक तास पुरतो, पण तो वगळू नका.

मग मेकाँगवरचा मैत्री पूल ओलांडून नोंग खाई, दोन रात्री. 1994 मध्ये खुला झालेला हा पूल तुम्हाला आवडेल: लाओसमध्ये गाड्या उजवीकडून चालतात, थायलंडमध्ये आपल्यासारख्या डावीकडून, आणि लाओसच्या टोकाला एका ठिकाणी सगळी वाहने शिस्तीने बाजू बदलतात. नोंग खाईहून रात्रीच्या गाडीने बँकॉक, तिथे एक दिवस वात फ्रा केओसाठी आणि त्याच्या ओवऱ्यांतल्या रामकियेनच्या 178 भित्तिचित्रांसाठी, आणि परतीचे विमान.

ज्यांचे गुडघे धड आहेत आणि हाती दोन दिवस जास्त आहेत, अशा वाचकांनी चियांग माईपासून सुरुवात करून हुआय साईहून लुआंग प्रबांगपर्यंत मेकाँगवरून संथ बोटीने जावे. दोन दिवस लागतात, मधली रात्र पाकबेंग या गावात. पण बोटीतून उतरल्यावर काठ चढणे अवघड असते, म्हणून तुमच्या यजमानांना मी ते सुचवत नाही. शिवमंदिरांची ओढ असलेल्यांनी दक्षिणेकडची वाट धरावी. लाओसच्या चांपासाक प्रांतात वात फू आहे. डोंगराच्या शिखराचा आकारच लिंगासारखा म्हणून त्याला प्राचीन काळी लिंगपर्वत म्हणत, आणि कड्यातून झरणारे पाणी दगडी पन्हळीतून गाभाऱ्यातल्या लिंगावर अखंड पडत असे. थायलंडच्या बुरीरामजवळचे फानोम रुंगही शैव मंदिर आहे. तिथली शेषशायी विष्णू कोरलेली, चोरीला गेलेली दारावरची पट्टी 1988 मध्ये अमेरिकेहून परत आली. मात्र 2025 मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर चकमकी झाल्या आहेत. बुरीराम, सुरिन, सिसाकेत आणि उबोन या प्रांतांत जायचे तर त्या वेळच्या सरकारी सूचना पाहूनच ठरवावे.

जेवणाची काळजी रास्त आहे, पण तोडगा आहे. थायमध्ये शाकाहाराला 'मांगसाविरात' म्हणतात. हा आपला 'मांसविरती' शब्द आहे, यजमानांना लगेच पाठ होईल. अडचण मांसाची कमी आणि मासळीच्या रसाची जास्त आहे. भाजीतही 'नाम पला' घालतात, आणि दोन्ही काठांवर पपईच्या सॅलडमध्ये आंबवलेल्या मासळीचा दाट रस असतो. 'किन चे' असे सांगितले की मासळीचा रस, अंडे, दूध हे सारे टळते, इतकेच नव्हे तर कांदा-लसूणही. चातुर्मास पाळणाऱ्या घरांना हे फारच सोयीचे पडते. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात 'चे' लिहिलेली दुकाने शोधा. लाओसच्या लहान गावांत चिकट भात, उकडलेल्या भाज्या, केळी आणि फळे यांवर भागवावे लागेल. मेतकुटाची पुडी आणि एक कोरडी चटणी बरोबर ठेवा. चिकट भाताबरोबर मेतकूट उत्तम लागते.

गुडघ्यांसाठी दोन गोष्टी. लुआंग प्रबांगच्या फू सी टेकडीला तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. ती वगळली तरी काही बिघडत नाही, नदीकाठचा सूर्यास्तही तितकाच चांगला. विहारात जमिनीवर पाय एका बाजूला घेऊन बसतात. यजमानांनी निःसंकोच खुर्ची मागावी, तिथली वडीलधारी माणसेही खुर्चीवर बसतात. फक्त पाय मूर्तीच्या दिशेने लांबवू नयेत. रात्रीच्या गाडीत खालचाच बर्थ आधीपासून राखून ठेवा. लाओसच्या आगगाडीचे तिकीट काही दिवस आधीच काढावे लागते, आणि स्टेशनवर सामान तपासताना फळे कापायची सुरी आणि फवाऱ्याचे डबे काढून घेतात.

कागदपत्रांचे नियम वारंवार बदलतात, म्हणून तारीख ठरल्यावर दोन्ही दूतावासांच्या संकेतस्थळांवरच विश्वास ठेवा. एक चूक मात्र अनेक जण करतात. लाओसहून परत थायलंडमध्ये येणे हा नवा प्रवेश असतो. तुमची परवानगी एकाच प्रवेशाची आहे का, हे आधी पाहा, आणि मे 2025 पासून लागू झालेला थायलंडचा ऑनलाइन आगमन अर्ज दुसऱ्या वेळीही भरा. लाओसचे चलन, किप, देशाबाहेर सहसा कोणी बदलून देत नाही, तेव्हा लागतील तेवढेच घ्या. प्रवास विमा काढाच, आणि त्यात रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च धरलेला आहे का ते वाचा. लाओसमध्ये गंभीर आजारावर उपचार मर्यादित आहेत आणि रुग्णाला अनेकदा नदीपलीकडे थायलंडच्या रुग्णालयात न्यावे लागते.

लुआंग प्रबांगच्या पहाटेविषयी एक विनंती, तुम्हाला आणि तिथे जाणाऱ्या प्रत्येक वाचकाला. भिक्षाफेरी पाहायची तर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, खांदे आणि गुडघे झाकून, शांत उभे राहा. फ्लॅश वापरू नका, भिक्षूंची वाट अडवू नका. तुम्ही स्त्री असल्याने त्यांना स्पर्श होणार नाही एवढे अंतर ठेवा. रस्त्यावर पर्यटकांना विकायला आणलेला भात घेऊन दानाला बसू नका, तो कसा आणि केव्हाचा असतो सांगता येत नाही. द्यावेसेच वाटले तर अतिथिगृहाच्या मालकिणीला आदल्या रात्री विचारा. ती स्वतःच्या घरचा भात शिजवून देईल, आणि कुठे बसायचे तेही दाखवील.

आणि पौर्णिमेला नोंग खाईत असाल, तर संध्याकाळी नदीकाठी क्राथोंग विकत मिळतात. थर्माकोलचा घेऊ नका. केळीच्या खोडाचा, पानाने मढवलेला मागा. सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधलेले खांब आठवतील. उदबत्ती आणि मेणबत्ती लावून तो दोघांनी मिळून पाण्यात सोडा. नदी पूर्वेकडे वाहते, तेव्हा दिवा तुमच्या उजव्या हाताला जाईल, आणि समोरच्या काठावर लाओसमधले दिवे दिसत असतील.